सुखोथाई शैली की सुखोथाई काळ? थाई कांस्य बुद्धमूर्ती पारखायच्या कशा

करंजवन (धागाकर्ता)

थायलंडच्या जुन्या कांस्य बुद्धमूर्ती जमवणाऱ्यांसाठी आणि नुसत्या डोळे भरून बघणाऱ्यांसाठी हा धागा. निमित्त आहे युरोपातल्या एका लिलावाच्या यादीतली मूर्ती. वर्णन असं :

भूमिस्पर्श मुद्रा. बैठकीची रुंदी ९ इंच. उजवा पाय डाव्यावर सैल ठेवलेला. डोक्यावर ज्वालेसारखं उष्णीष, म्हणजे माथ्यावरचा उंचवटा. कपाळ आणि केस यांच्या मधोमध एक बारीक उठावदार पट्टी. उजव्या हाताची चारही बोटं एकाच लांबीची. मागच्या बाजूला बैठकीवर थाई लिपीत कोरलेली एक ओळ, तिच्यात १२२६ हा आकडा. यादीत लिहिलंय : "सुखोथाई. शके १२२६, म्हणजे इ. स. १३०४."

माझा प्रश्न एकच. अशी मूर्ती समोर आली तर पारख कुठून सुरू करायची? चेहऱ्यापासून, धातूपासून, लेखापासून की कागदपत्रांपासून? जाणकारांनी सविस्तर लिहावं. खरेदीची घाई नाही, शिकायची मात्र आहे.

---

लेणीफिरस्ता

कागदपत्रांपासून. बाकी सगळं नंतर.

---

मेणओत

लेणीफिरस्तांशी सहमत, पण त्यावर वेगळं लिहीन. आधी बाह्यरूप बघू, कारण वर्णनातच दोन गोष्टी खटकतात.

सुखोथाई राज्य १३व्या शतकात उभं राहिलं आणि १४३८ मध्ये दक्षिणेकडच्या अयुथ्या राज्यात विलीन झालं. या काळातल्या उत्तम मूर्तींचा चेहरा लांबट अंडाकृती असतो. भुवयांच्या कमानी थेट नाकाच्या धारेत उतरतात, केसांचे वळे लहान व टोकदार असतात. डाव्या खांद्यावरून उतरणारी संघाटीची (भिक्षूच्या वरच्या वस्त्राची) पट्टी थेट बेंबीपर्यंत येते आणि तिचं टोक खाचा पाडल्यासारखं दुभंगतं. थाई लोक या टोकाला गोमेचे दात म्हणतात. आणि महत्त्वाचं म्हणजे कपाळावर पट्टी नसते. केस थेट कपाळाला भिडतात.

केसांच्या कडेची ती बारीक पट्टी ही उ-थाँग शैलीची आणि तिच्यानंतरच्या अयुथ्येची खूण. ती मध्य थायलंडातल्या ख्मेर (कंबोडियन) परंपरेतून आली. सुखोथाई चेहरा अधिक पट्टी, अशी जोडी दिसली की १३०४ ही तारीख मनातून बाजूला ठेवायची.

दुसरी गोष्ट बोटांची. चारही बोटं समान लांबीची करायची पद्धत सुखोथाईच्या उत्तरकाळातली. फित्सानुलोकच्या फ्रा फुत्थ चिन्नराट या सुप्रसिद्ध मूर्तीची बोटं अशीच आहेत. पुढे चिन्नराटच्या इतक्या प्रतिकृती झाल्या की समान बोटं आजही ओतली जातात. म्हणजे ही खूण जुनेपणाची वरची मर्यादा सांगते, खालची सांगत नाही.

---

सायली_म

मेणओत, "शैली" आणि "काळ" यातला फरक अजून उलगडून लिहाल का? याद्यांमध्ये कधी "सुखोथाई", कधी "सुखोथाई शैली" असं वाचायला मिळतं.

---

मेणओत

सायलीताई, नुसतं "सुखोथाई, १५वं शतक" लिहिलं तर विकणारा त्या काळाची हमी देतोय. "सुखोथाई शैली" लिहिलं तर तो फक्त रूपाबद्दल बोलतोय, मूर्ती गेल्या वर्षी ओतलेली असली तरी त्याचं विधान खोटं ठरत नाही. थायलंडमध्ये जुन्या मूर्तीसारखी नवी मूर्ती करणं हा फसवणुकीचा प्रकार मुळात नाहीच. चमत्कारी मानलेल्या मूर्तीचं तेज तिच्या प्रतिकृतीत उतरतं ही तिथली श्रद्धा आहे, म्हणून तीच रूपं पाच-सहा शतकं ओतली गेली. लबाडी सुरू होते ती प्रतिकृतीला मूळ म्हणून विकताना.

लान ना या उत्तर थायलंडच्या राज्यातल्या मूर्तींचंही तेच. अंगाने भरीव, छाती फुगलेली, उष्णीषावर कमळकळी, संघाटीचं टोक छातीच्या वरच थांबलेलं आणि दोन्ही तळवे वर दिसतील असं पक्कं पद्मासन. हा तिथला "सिंह" प्रकार. जुन्या पुस्तकांत याला "चिआंग साएन" म्हणत आणि थेट ११व्या-१२व्या शतकात नेत. कला-इतिहासकार ग्रिसवोल्ड यांनी उत्तर थायलंडमधल्या तारखा कोरलेल्या मूर्ती एकत्र मांडल्या आणि १९५७ मध्ये दाखवून दिलं की या प्रकारातल्या तारीख असलेल्या मूर्ती १५व्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिळतात. म्हणजे लान नाचा राजा तिलोकराट याच्या कारकिर्दीपासून. तरी बाजारात अजूनही "चिआंग साएन, १२वं शतक" अशी लेबलं फिरतात.

---

दख्खनची_वाट

सुखोथाई मूर्तीची लक्षणं वाचायला मजा येते ती त्यातल्या उपमांमुळे. नाक पोपटाच्या चोचीसारखं, हनुवटी आंब्याच्या कोयीसारखी, भुवया धनुष्यासारख्या, हात हत्तीच्या सोंडेसारखे. या उपमा पाली आणि संस्कृतातल्या महापुरुषलक्षणांतून तिथे पोचल्या आणि शिल्पकारांनी त्या शब्दशः घडवल्या. सुखोथाईची चालणारी बुद्धमूर्ती बघा. खाली सोडलेला हात खरोखर सोंडेसारखा झुलतो, त्यात कोपराचं हाड जाणवतच नाही. बुद्ध चालत असल्याची संपूर्ण उभी, सर्व बाजूंनी घडवलेली मूर्ती ही सुखोथाईची स्वतःची देणगी. पाऊल उचललंय, टाच सुटलीय आणि वस्त्राची कड हलकेच बाहेर फेकली गेलीय.

---

पावशेर_पाऊस

आंब्याची कोय! हापूसची की पायरीची, यावर इथे वेगळा धागा निघेल :)

---

कासारआळी

रूपाबद्दल चांगलं लिहिलंत सगळ्यांनी. पण चेहरा सगळ्यात शेवटी बघावा असं माझं ठाम मत. चेहऱ्याची नक्कल करणारे कारागीर उत्तम आहेत. मूर्ती उलटी करा. फसवणारा तळाकडे तेवढं लक्ष देत नाही.

या मूर्ती मेण वितळवून ओतलेल्या. आपल्याकडे ज्याला मधूच्छिष्ट विधान म्हणतात तीच रीत. आत मातीचा गाभा, त्यात वाळू आणि भाताचं तूस मिसळलेलं, म्हणजे भाजताना वायू बाहेर पडतात. त्यावर मेणाचा थर, त्यात राळ. मेणावर सगळं बारीक काम. मग गाभा आणि बाहेरचं कवच यातलं अंतर टिकावं म्हणून मेणातून आरपार लोखंडी खिळे. त्यावर आधी गाळलेल्या बारीक मातीचे हात, मग जाडी माती. साचा उलटा धरून भाजायचा, मेण वाहून जातं, पोकळीत धातू ओतायचा. मेणाच्या वजनाच्या साधारण ९ पट धातू लागतो, कारण कांस्याची घनता मेणाच्या तेवढी पट आहे.

आता यातून तळाशी काय दिसायला हवं ते बघा.

पहिलं, गाभ्याची माती. जुन्या मूर्तीच्या आत ती बहुधा राहिलेली असते, धातूजवळ काळपट भाजलेली. अगदी स्वच्छ खरवडलेला आतला भाग संशयास्पद, आणि सिमेंट किंवा प्लास्टर दिसलं तर ते का घातलं हे विचारा.

दुसरं, धातूची जाडी. चांगल्या जुन्या ओतकामात ती काही मिलिमीटरच असते आणि बऱ्यापैकी सारखी. नव्या घाईच्या ओतकामात भिंती जाड, ओबडधोबड. रुंदीच्या मानाने वजन फारच भारी लागलं तर तळ नीट बघा.

तिसरं, खिळे. लोखंड गंजतं, म्हणून जुन्या मूर्तीच्या अंगावर चौकोनी किंवा गोल तांबूस ठिपके उमटतात. कधी खिळा झडून भोक राहतं, कधी त्या जागी तांब्याचा तुकडा ठोकलेला असतो. हे ठिपके आत आणि बाहेर एकाच जागी जुळले पाहिजेत. बाहेर ठिपका आहे पण आत काहीच नाही, तर तो रंगवलेला.

चौथं, जोड. चेहऱ्याच्या मध्यातून किंवा कानामागून खाली जाणारी सरळ शिवण दिसली तर मेण दोन भागांच्या साच्यात दाबून काढलेलं आहे. तो कारखाना.

---

करंजवन (धागाकर्ता)

कासारआळी, मनापासून आभार. तळाचा फोटो यादीत आहे. आत काळी माती आहे, डाव्या गुडघ्याच्या आत गंजाचा ठिपका आहे आणि बाहेरही त्याच जागी आहे. मग मूर्ती खरी जुनी?

---

कासारआळी

मेण-ओतीची आहे आणि कालची नाही, एवढंच. थायलंडमध्ये हीच रीत १९व्या शतकात होती आणि आजही आहे. तळ तुम्हाला नवी बनावट वगळायला मदत करतो, शतक सांगत नाही.

---

रसायनवाला

शतकाच्या जवळ जायचं असेल तर गाभ्याच्या मातीची तापदीप्ती चाचणी. ओतकामाच्या वेळी माती इतकी भाजते की तिच्यातल्या खनिजकणांत साठलेली ऊर्जा शून्यावर येते. त्यानंतर मातीतल्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे ती पुन्हा साठू लागते. प्रयोगशाळेत नमुना तापवून निघणारा प्रकाश मोजला की भाजणीला किती काळ झाला ते कळतं. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

अचूकता साधारण २० ते २५ टक्के. म्हणजे ५०० वर्षं असं उत्तर आलं तर ४०० ते ६०० समजा. ही चाचणी "१५वं शतक की १६वं" याचा निकाल देत नाही, "जुनं की नवं" याचा देते.

नमुना खोलातून, धातूच्या आतल्या कडेजवळून आणि अंधाऱ्या जागी काढलेला हवा. बनावट मूर्तीत जुन्या मातीच्या भांड्यांचा चुरा भरल्याची प्रकरणं असतात. म्हणून नमुना मोकळ्या भरावातून घेतला तर चाचणी फक्त त्या चुऱ्याचं वय सांगेल.

आणि क्ष-किरण चित्र काढायचं असेल तर ते या चाचणीनंतर काढा. क्ष-किरणांची मात्रा मातीत जमा होते आणि मूर्ती आहे त्याहून जुनी दिसते.

धातूची चाचणी क्ष-किरण प्रतिदीप्तीने होते, पण ती पृष्ठभागच वाचते. पृष्ठभागावर कथिल आणि शिसं यांचं प्रमाण आतल्यापेक्षा वेगळं असतं. जस्त भरपूर निघालं तर ते पितळ, आणि मूर्ती बरीच अलीकडची असण्याची शक्यता वाढते. पण नुसत्या जस्तावरून निकाल देऊ नये, जुन्या ओतकामात मोडीतला धातू सर्रास जायचा.

---

चाओफ्राया_काठ

धातूवरून आठवलं. थाईमध्ये कांस्याला "सामरित" म्हणतात. तो शब्द ख्मेरमार्गे आपल्या "समृद्धि"वरून गेलाय. आणि मूर्तीचं माप बैठकीच्या रुंदीत सांगतात, एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत. त्याला "ना तक" म्हणतात. घरातल्या मूर्ती ५, ७, ९ इंच ना तक अशा मापात मिळतात. त्यामुळे "९ इंच मूर्ती" वाचलं की ती ९ इंच उंच आहे असं समजू नका, उंची त्याहून बरीच जास्त असते.

मूर्ती "विकत घेतली" असंही तिथे कुणी म्हणत नाही. "चाओ" म्हणजे भाड्याने घेतली, असं म्हणतात. बुद्धाला किंमत लावायची नाही, म्हणून भाषेनेच वाट काढली.

---

बोधिपर्ण

चाओफ्राया_काठ यांच्या शेवटच्या वाक्यासाठीच थांबलो होतो. इथे सगळे गाभा, खिळे, जस्त बोलताहेत. मूर्ती ही आधी वंदनेची वस्तू आहे. या मूर्ती बाजारात आल्या कुठून, हे विचारा. स्तूपाच्या पोटातल्या तळघरांतून, फोडलेल्या विहारांतून. नुसती बुद्धाची शिरं स्टँडवर बसवून विकतात. धड असलेल्या मूर्तीचं शीर आपोआप गळून पडत नाही. आमच्या घरात ज्या रूपापुढे हात जोडले जातात, त्याचं कापलेलं शीर दिवाणखान्यात ठेवणं मला सहन होत नाही.

---

लेणीफिरस्ता

बोधिपर्ण, म्हणूनच माझा एका ओळीचा प्रतिसाद. आता सविस्तर.

अयुथ्येच्या वाट राचाबुरानाचं (थाईत "वाट" म्हणजे विहार) उदाहरण घ्या. १९५७ मध्ये चोरांनी तिथल्या प्रांगातलं, म्हणजे मुख्य शिखरातलं, तळघर फोडलं आणि सोन्याचा मोठा ऐवज नेला. थोडाच परत मिळाला. त्यानंतर थायलंड सरकारच्या ललित कला विभागाने रीतसर उत्खनन केलं आणि सापडलेल्या वस्तूंसाठी चाओ साम फ्राया संग्रहालय उभं राहिलं, १९६१ मध्ये. तळघरात एकत्र पुरलेल्या वस्तूंचा एकमेकांशी संबंध असतो, कुठली मूर्ती कुठल्या राजाने कोणत्या प्रसंगी ठेवली हे त्यावरून उमगतं. चोराच्या पोत्यात तो संबंध कायमचा तुटतो.

बुरीरामच्या प्लाय बाट टेकडीवरच्या देवळातून १९६४ मध्ये बाहेर पडलेली कांस्यं, ज्यांना बाजार "प्राखोन चाय" म्हणतो, ती जगभरच्या संग्रहालयांत पांगली. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने "गोल्डन बॉय" नावाने प्रसिद्ध झालेलं ११व्या शतकातलं कांस्य २०२४ मध्ये थायलंडला परत केलं. ते बौद्ध नाही, बहुधा शिवाचं आहे, पण प्रश्न तोच. परतीचे दावे आता खासगी संग्रहांपर्यंतही पोचतात.

थायलंडचा कायदा १९६१ चा, १९९२ मध्ये सुधारलेला. बुद्धमूर्ती ललित कला विभागाच्या परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. जुनीच असं नाही, नव्या मूर्तीलाही परवाना लागतो. गळ्यातल्या लहान ताईतासारख्या मूर्तींना सूट आहे. म्हणून १९६१ नंतर बाहेर आलेल्या मूर्तीसोबत परवाना हवा आणि आधी आली असेल तर ते दाखवणारा कागद हवा : जुनं छायाचित्र, जुनी पावती, प्रदर्शनाची यादी. "एका युरोपीय खासगी संग्रहातून" हे वाक्य म्हणजे कागद नव्हे.

---

सायली_म

आणि भारतात आणायची तर?

---

लेणीफिरस्ता

१९७२ चा पुरावस्तू कायदा, अंमल ५ एप्रिल १९७६ पासून. शंभर वर्षांहून जुनं शिल्प म्हणजे पुरावस्तू. व्याख्येत ते भारतात घडलेलं असावं अशी अट नाही. धातूच्या शिल्पांची नोंदणी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते. एकदा भारतात आली की खासगी व्यक्तीला ती पुन्हा बाहेर पाठवता येत नाही. आयातीचे सगळे कागद, सीमाशुल्काची पावती आणि चारही बाजूंचे फोटो आल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. आणण्याआधीच नोंदणी अधिकाऱ्याला लेखी विचारणं उत्तम.

---

दख्खनची_वाट

बोधिपर्ण यांच्या मुद्द्याला दुसरी बाजूही आहे. जमवणं म्हणजे घरी आणणंच असं नाही. बँकॉकच्या वाट बेंचमबोफितच्या मागच्या ओवऱ्यांत ५२ बुद्धमूर्ती मांडल्या आहेत. राजा चुलालोंगकोर्न यांच्यासाठी राजपुत्र दामरोंग यांनी त्या निवडल्या, हेतू हाच की लोकांनी निरनिराळ्या काळांची आणि प्रदेशांची रूपं शेजारी शेजारी बघावीत. काही मूळ आहेत, काही प्रतिकृती. मधल्या दालनात चिन्नराटची प्रतिकृती. वही घेऊन जा आणि प्रत्येक मूर्तीच्या पाचच गोष्टी लिहा : उष्णीषाचं टोक, केसांची कड, संघाटीचं टोक, पायांची घडी, बैठक. अर्ध्या दिवसात डोळा तयार व्हायला लागतो.

मूर्ती जिथे आहे तिथलीच असेल असंही धरू नका. थायलंडचा राजा पहिला राम याने उत्तरेकडच्या उजाड शहरांतून १,२०० हून जास्त मूर्ती बँकॉकला आणवल्या. वाट फोच्या ओवऱ्यांतल्या पुष्कळशा त्यातल्याच.

आपल्या जवळचं बघायचं तर सोपाऱ्याच्या स्तूपातून १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना मिळालेल्या आठ लहान कांस्यमूर्ती, सात मानुषी बुद्ध आणि मैत्रेय, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. त्या थाई नाहीत, पण द्वारवतीच्या (सुखोथाईच्या आधीच्या थायलंडातल्या बौद्ध संस्कृतीच्या) मूर्तींकडे जाणारा रस्ता भारतातल्या अशाच छोट्या, सोबत नेता येणाऱ्या कांस्यांवरून समजतो.

---

बोधिपर्ण

दख्खनची_वाट, पटलं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी विहारांत थायलंडहून दान आलेल्या मूर्ती आहेत, सोनेरी, ज्वालेच्या उष्णीषाच्या. त्या नव्या आहेत, पण बहुतेकांचं रूप सुखोथाईचं किंवा चिन्नराटचं आहे. मागे ज्वाळांची महिरप असेल तर चिन्नराट. वही घेऊन विहारातही बसता येईल.

---

पावशेर_पाऊस

मला निगा कशी राखायची ते विचारायचं आहे. कोकणात पावसाळ्यात पितळेच्या समयाही हिरव्या पडतात. चिंच लावून घासतो तशी घासली तर?

---

रसायनवाला

अजिबात नको! चिंच, लिंबू, कोकम, पितळ घासायची पावडर, काहीही नको. जुन्या कांस्यावरचा तपकिरी-हिरवा थर हा मूर्तीचा भाग आहे. तो गेला की माहितीही गेली. शिवाय पुष्कळ थाई मूर्तींवर आधी काळ्या राळेचा म्हणजे "राक"चा थर आणि त्यावर सोन्याचा वर्ख असतो. अॅसिड राहू द्या, ओलं फडकंही नको. मऊ कोरडा ब्रश, तोही सुटलेला वर्ख सांभाळून.

खरा थर कसा ओळखायचा तेही इथेच लिहितो. धातूला लागून तांबूस क्युप्राइट, त्यावर हिरवा मॅलाकाइट, आणि हे थर धातूतून उगवल्यासारखे. बनावट हिरवा थर वरून थापलेला असतो. ॲसिटोन लावलेल्या कापसाच्या बोळ्यावर रंग उतरला तर रंग किंवा लाख आहे. हा प्रयोग विकत घेतलेल्या, वर्ख नसलेल्या मूर्तीवर, तळाशी, तेही जाणत्या माणसाकडूनच करावा.

कांस्यरोग वेगळा. फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड, ब्रशने काढली तरी काही दिवसांत परत तिथेच. कारण धातूत अडकलेलं क्लोराइड हवेतल्या दमटपणाशी क्रिया करत राहतं आणि मूर्ती आतून पोखरतं. जमिनीत किंवा पाण्यात पडून राहिलेल्या मूर्तींना हा धोका जास्त. उपाय कोरडी हवा : सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली, आणि ती सतत. कोकणात पावसाळ्यात उघड्या कपाटात ते शक्य नाही. काचेची घट्ट बंद पेटी करा आणि घनमीटरमागे साधारण २० किलो या हिशेबाने सिलिका जेल ठेवा. म्हणजे ५० × ५० × ४० सेंटिमीटरच्या पेटीला २ किलो. आत एक आर्द्रतामापक. आकडा चढू लागला की जेल काढून ओव्हनमध्ये वाळवायचं. पेटी प्लायवूडची किंवा सागाची नको, लाकडातून निघणारी आम्लं धातू खातात. काच आणि पावडर कोटिंग केलेलं पोलाद चांगलं. रोग पसरला असेल तर घरी रसायनं वापरू नका, धातुसंवर्धकाकडे द्या.

मूर्ती हलवताना आत काही खुळखुळलं तर उघडायची नाही. गाभ्याचा तुकडा असेल किंवा प्रतिष्ठापनेच्या वेळी आत ठेवलेली वस्तू.

---

पावशेर_पाऊस

चिंच परत डब्यात. रसायनवाला, धन्यवाद.

---

चाओफ्राया_काठ

करंजवन, मूळ प्रश्नातला लेख राहूनच गेला. १२२६ मध्ये ७८ मिळवून १३०४, हे आपल्याला फार सहज पटतं कारण शालिवाहन शकाचा तो हिशेब आपल्या पंचांगातलाच. थायलंडात तो शक "महासकरात" म्हणून खरोखर वापरात होता. सुखोथाईचा राजा रामखाम्हेंग याच्या शिलालेखातलं १२१४ हे वर्ष म्हणजे इ. स. १२९२.

पण तिथे "चुळासकरात" नावाचा दुसरा शकही आहे, त्यात ६३८ मिळवायचे. आणि नंतर बुद्धवर्ष, त्यातून ५४३ वजा. नुसता १२२६ आकडा कुठला हे आकड्यावरून कळत नाही. बुद्धवर्षाचा घोळही आपल्याला माहीत हवा : भारतात २५०० वी बुद्धजयंती १९५६ मध्ये झाली, थायलंडात २५०० हे वर्ष १९५७. त्या निमित्ताने तिथे भरपूर मूर्ती ओतल्या गेल्या, त्यांच्यावर २५०० लिहिलेलं असतं आणि ते वाचून कुणी "२५०० वर्षं जुनी" म्हणू नये.

लेखाचा जवळून फोटो मिळेल का? आकड्याच्या आधी-नंतर काय आहे ते हवं.

---

करंजवन (धागाकर्ता)

मागवला, आणि मिळाला. वर चढवतोय. आकड्यानंतर तीन-चार शब्द आहेत.

---

चाओफ्राया_काठ

मिळालं उत्तर. आकड्यानंतर आहे "पी चुअत, छोसोक".

"पी चुअत" म्हणजे उंदराचं वर्ष. बारा प्राण्यांचं चक्र आहे, ते कधी चुकत नाही. इ. स. १३०४ हे "मरोंग", म्हणजे नागाचं वर्ष. उंदराचं नाही. चुळासकरात धरा : १२२६ + ६३८ = १८६४. १८६४ उंदराचं वर्ष.

"छोसोक" हा दुसरा पुरावा. चुळासकरात वर्षाचा शेवटचा अंक शब्दात सांगायची पद्धत : एकसोक, थोसोक, त्रीसोक, चत्वासोक, बेंचसोक, छोसोक. एक, द्वि, त्रि, चतुर्, पंच, षट् आणि शेवटी आपलाच "शक". १२२६ चा शेवटचा अंक ६, म्हणून छोसोक. ही मांडणी चुळासकरातच्या वर्षांबरोबर येते.

म्हणजे १८६४, चौथा राम अर्थात राजा मोंगकुट यांची कारकीर्द. रत्नकोसिन काळ (म्हणजे बँकॉक राजधानी झाल्यानंतरचा), सुखोथाई शैली.

---

मेणओत

वा! कपाळावरची पट्टी, समान बोटं, आता सगळं जुळलं. १३०४ मध्ये न बसणारी प्रत्येक गोष्ट १८६४ मध्ये बसते.

---

कासारआळी

अक्षरांच्या खाचा फोटोत मोठ्या करून बघा, करंजवन. खाचेच्या तळाशीही बाहेरच्यासारखाच तपकिरी थर आहे का? असेल तर लेख ओतकामाच्या वेळचा किंवा जवळपासचा. खाचेत चमकदार पिवळा धातू दिसला तर लेख मागाहून कोरलाय.

---

करंजवन (धागाकर्ता)

बघितलं. खाचा आतपर्यंत तपकिरी आहेत, दोन अक्षरांत वर्खाचे कण अडकलेत. म्हणजे लेख खरा, वाचन चुकीचं. लिलाववाल्यांना चाओफ्राया_काठ यांचं वाचन पाठवतोय. परवान्याबद्दलही विचारलंय.

---

लेणीफिरस्ता

१८६४ ची असली तरी शंभर वर्षांच्या वर आहे, कायदा लागू होतोच. परवाना नाही आणि १९६१ पूर्वीचा एकही कागद नाही असं उत्तर आलं, तर ती यादीतच राहू द्या. कागद आले तर आधी "१३०४" खोडून "१८६४" असं लेखी द्यायला सांगा आणि त्यानंतर बोलीचा आकडा ठरवा.

---

बोधिपर्ण

आणि लेखात दान देणाऱ्याचं नाव असेल तर तेही वाचून इथे टाका, चाओफ्राया_काठ. १८६४ मध्ये कुणीतरी पुण्यासाठी ती ओतवली होती.

---

चाओफ्राया_काठ

ओळीची सुरुवात फोटोत कापली गेलीय. करंजवन, डावीकडचा भाग मागवा, वाचून टाकतो.